मागची बॅटरी, पुढचा डायनामो आणि सोलापूरचं ऊन

गाडीत झोपायची सोय केली की पहिली मागणी लाइट-पंख्याची येते. मग मोबाईल चार्जिंग, मग छोटा फ्रिज. हे सगळं गाडीच्या मूळ बॅटरीवर चालवलं तर सकाळी सेल्फ मारताना नुसती कटकट ऐकू येते आणि पंढरपूरच्या पार्किंगमध्ये धक्का मारायला माणसं शोधावी लागतात. म्हणून मागे वेगळी बॅटरी बसवायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. ती भरायची कशी यावर मात्र गॅरेजागणिक मत बदलतं, आणि सगळ्यात जास्त कानावर येणारं मत हे: "डायरेक्ट जोडतो की मालक, काय होतंय त्याला? डायनामो फिरतोयच की."

डायनामो, म्हणजे अल्टरनेटर, फिरतोय हे खरंच. पण तो रिकामी बॅटरी भरायला बनवलेलाच नसतो, आणि इथूनच सगळी गडबड सुरू होते.

गाडी सुरू करताना सेल्फ शेकडो अँपियर ओढतो, पण दोन-तीन सेकंदच. हिशोब केला तर पुढच्या बॅटरीतली एक टक्काही वीज त्यात जात नाही. तेवढी तूट अल्टरनेटर काही मिनिटांत भरून काढतो आणि मग आपल्या रोजच्या कामाला लागतो: हेडलाइट, ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, इंजिनचा कॉम्प्युटर, वायपर. त्याच्यावर ९० किंवा १२० अँपियर लिहिलेलं असतं ते तो थंड असताना आणि जोरात फिरत असताना किती देऊ शकतो त्याचा आकडा आहे. तासन्‌तास तेवढा करंट देत राहील असं कोणी लिहून दिलेलं नसतं. गाडी जागेवर उभी राहून इंजिन नुसतं घुरघुरत असेल तर त्यातला निम्मासुद्धा मिळत नाही.

शिवाय अल्टरनेटर काटकसरी नसतो. इंजिनकडून घेतलेल्या ताकदीतला साधारण ६० टक्के भाग विजेत उतरतो, बाकीची उष्णता होते. १००० वॉट वीज काढताना सहा-सातशे वॉटची शेगडी बॉनेटखाली पेटलेली असते असं समजा. ती थंड करायला पंखा असतो, पण तो अल्टरनेटरच्याच शाफ्टवर. इंजिन हळू तर पंखाही हळू. म्हणजे हवा सगळ्यात कमी मिळते ती नेमकी गाडी उभी असताना. आषाढीच्या आधी मोहोळ-पंढरपूर रस्त्यावर गाड्यांची रांग लागलीय, एसी चालू, इंजिन चालू, गाडी तासाभरात दोन किलोमीटर सरकलीय, आणि मागे अर्धी रिकामी बॅटरी हावरटासारखी वीज ओढतेय. अल्टरनेटरचं वायंडिंग किंवा डायोड जळतात ते अशाच वेळी. पुणे हायवेला नव्वदच्या स्पीडने जाताना सहसा काही होत नाही, म्हणून "आमच्याकडं तर कधी काय झालं नाही" म्हणणारेही भेटतात.

बहुतेक अल्टरनेटरमधला रेग्युलेटर फक्त व्होल्टेजवर नजर ठेवतो. साधारण १४.२ ते १४.४ व्होल्ट राखणं एवढंच त्याचं काम. किती करंट जातोय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, तो बॅटरी ठरवते. आणि इथे जुनी ॲसिडची बॅटरी आणि नवी लिथियम बॅटरी यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पंगतीत बसलेल्या दोन पाहुण्यांसारखा. ॲसिडची बॅटरी पहिल्या वाढीला भरपूर घेते, मग आपणहून हात आखडते, शेवटची जिलेबी तर तासभर चघळत बसते. लिथियम मात्र शेवटच्या घासापर्यंत त्याच वेगाने जेवते आणि पोट भरल्या क्षणी काही न सांगता पानावरून उठते.

दोन्ही गोष्टी अल्टरनेटरला मारक आहेत. त्याच वेगाने जेवणं म्हणजे तासभर पूर्ण लोड, त्यातून तापणं. आणि पानावरून उठणं म्हणजे लिथियम बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते बॅटरी भरल्यावर, सेलचं व्होल्टेज वाढल्यावर किंवा बॅटरी तापल्यावर लाइन तोडतं. पन्नास अँपियर वाहत असताना लाइन एकदम तुटली की अल्टरनेटरला सावरायला वेळ मिळत नाही, व्होल्टेज क्षणभर उसळतं. पुढची बॅटरी जोडलेली असेल तर ती त्यातला बराच धक्का गिळते. ती जुनी असेल किंवा तिचं टर्मिनल ढिलं असेल, तर अल्टरनेटरचे डायोड आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स यांच्यावर ते येतं.

डायरेक्ट जोडण्याचा आणखी एक तोटा. दोन्ही बॅटऱ्या कायम जोडलेल्या राहिल्या तर रात्री मागच्याबरोबर पुढचीही रिकामी होते, म्हणजे वेगळी बॅटरी घेऊन मिळवलं काय? आणि सकाळी सेल्फ मारताना तो शेकडो अँपियरचा करंट मागच्या बॅटरीकडूनही, मधल्या बारीक वायरीतून ओढला जातो. फ्यूज असेल तर फ्यूज जातो. नसेल तर वायर.

यावरचा जुना उपाय म्हणजे मध्ये रिले, म्हणजे आपोआप जोड-तोड करणारा स्विच. साधा रिले चावीवर चालतो. थोडा हुशार रिले व्होल्टेज बघतो: पुढच्या बॅटरीवर साधारण १३.३ व्होल्ट दिसले की इंजिन चालू आहे असं समजून दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या आसपास उतरले की तोडतो. जुनी गाडी, साधा अल्टरनेटर, मागेही ॲसिडचीच बॅटरी, असं त्रिकूट असेल तर हा रिले आजही चालतो, आणि स्वस्तही पडतो. लिथियमबरोबर मात्र त्याची फजिती होते. भरलेली लिथियम बॅटरी नुसती बसली तरी १३.२-१३.३ व्होल्ट दाखवते. इंजिन बंद केलं तरी रिलेला वाटतं चालूच आहे, तो सुटतच नाही, आणि मागची बॅटरी पुढचीला रात्रभर पाजत बसते. डायोडवाला आयसोलेटर, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डबा, अजून कोणी विकायला आणला तर घेऊ नका, त्यात अर्ध्या व्होल्टच्या वर मार खावा लागतो आणि मागची बॅटरी कधीच धड भरत नाही.

मग बीएस-६ आलं. एप्रिल २०२० नंतरच्या बऱ्याच गाड्यांमध्ये अल्टरनेटर इंजिनच्या कॉम्प्युटरच्या ताब्यात असतो. डिझेल वाचवायचं म्हणून पुढची बॅटरी भरलेली असली की तो व्होल्टेज १२.५ च्या आसपास खाली आणतो, जवळपास सुट्टीच घेतो. आणि ॲक्सिलेटर सोडला की फुकटात मिळणारी ताकद पकडायला १५ व्होल्टच्या जवळ जातो. तुळजापूरहून घाट उतरताना मागच्या बॅटरीवर १५ व्होल्टचा मारा, आणि खाली सपाट रस्त्याला लागलं की १२.५. व्होल्टेज बघणारा रिले अशा गाडीत दर दोन मिनिटांनी जोड-तोड करत बसतो. तुमची गाडी यातली आहे का हे ओळखायला मेकॅनिक लागत नाही. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा दीडशे-दोनशे रुपयांचा व्होल्टमीटर घ्या आणि अर्धा तास गाडी चालवा. आकडा १४.२ च्या आसपास ठाम बसला तर साधा अल्टरनेटर. १२.५ ते १५ मध्ये नाचला तर हुशार.

आता ज्या डब्याबद्दल बोलायचं तो: डीसी-डीसी चार्जर. पुढच्या बॅटरीकडून जे व्होल्टेज मिळेल ते घेतो, १२.२ असो की १५, आणि मागच्या बॅटरीला हवं तेच बनवून देतो. लिथियमला १४.२ ते १४.६, ॲसिडला तिच्या प्रकाराप्रमाणे. भरली की वेग कमी करून थांबतो. पण माझ्या मते त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे: तो मागच्या बॅटरीला ठरलेल्या अँपियरच्या वर एक अँपियरही देत नाही. मागची बॅटरी कितीही रिकामी, कितीही हावरी असो, २० च्या चार्जरचा अल्टरनेटरवर बोजा वीस-पंचवीसच्या आसपासच. अल्टरनेटर वाचवायचा म्हणजे करंटला लगाम घालायचा, बाकी फीचर्स चटणी-कोशिंबीर आहेत.

किती अँपियरचा घ्यायचा? दुकानदार मोठा दाखवणार, ५० चा, "लवकर भरतंय". इथे थांबून हिशोब करा. समजा अल्टरनेटर ९० चा आहे. मे महिना, रात्रीची वेळ, एसीचा ब्लोअर, कंडेन्सरचा पंखा, हेडलाइट, इंजिनची इलेक्ट्रॉनिक्स, यातच ४०-५० अँपियर सहज जातात. तापलेला अल्टरनेटर ९० देत नाही, ७०-७५ वर येतो. उरले किती? २५. अल्टरनेटरच्या आकड्याच्या एक तृतीयांशाच्या वर चार्जर नको हा सर्वसाधारण नियम आहे, आपल्याकडच्या उन्हात मी त्यापेक्षाही खाली राहीन. ९० च्या अल्टरनेटरला २० चा चार्जर पुष्कळ झाला.

आणि २० कमी वाटत असेल तर रस्त्यावर मोजा. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, साडेचार तास धरा. २० अँपियरने ९० अँपियर-अवर मागे जमा होतात, म्हणजे १०० ची लिथियम बॅटरी जवळपास टिच्चून भरली. अक्कलकोटला जायचं तर चाळीसेक किलोमीटर, तासाभरात २० जमा. १२ व्होल्टचा २५-३० वॉटचा पंखा रात्रभर, आठ तास, चालवला तर १८-२० लागतात. म्हणजे स्वामींचं दर्शन घ्यायला जाण्यातच रात्रीच्या पंख्याची सोय झाली. छोटा कॉम्प्रेसरवाला फ्रिज ४५ वॉटचा, अर्धा वेळ चालतो असं धरलं तर दिवसाला ४५ अँपियर-अवर. त्याला पुण्याची एक फेरी दोन दिवस पुरते. यापेक्षा जास्त भूक असेल तर चार्जर मोठा करण्यापेक्षा टपावर सोलर पॅनेल टाका. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, तेवढं तरी आपल्या बाजूने आहे.

चार्जर चालू कशावर व्हावा हेही बघावं लागतं. नुसत्या चावीवर जोडला तर चावी ऑन करून गाणी ऐकत बसलात तरी तो पुढची बॅटरी उपसून मागे भरत राहील. अल्टरनेटरवर डी प्लस नावाचं टर्मिनल असतं, बॅटरीचा लाल दिवा ज्याच्यावर चालतो ते. अल्टरनेटर खरोखर वीज काढू लागला की तिथे सिग्नल येतो. तो घ्यावा. हुशार अल्टरनेटरमध्ये हे टर्मिनल सहज सापडत नाही, तिथे इंजिन चालू असतानाच सप्लाय मिळणारी दुसरी वायर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून शोधून घ्यावी. आणि अशा गाड्यांत पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक चपटा सेन्सर बसलेला असतो, आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा. चार्जरची निगेटिव्ह थेट बॅटरीच्या खांबावर लावली तर त्या सेन्सरला चकवून करंट जातो आणि गाडीचा हिशोब चुकतो. निगेटिव्ह बॉडीच्या अर्थ पॉइंटवर घ्यायची.

हे सगळं नीट केलं आणि वायर चुकली तर केलेलं पाण्यात. गाड्या पेटतात त्या बहुतेक वायरीमुळे, चार्जरमुळे क्वचितच.

उदाहरण म्हणून ३० अँपियरचा चार्जर घ्या. मागे १४.४ व्होल्टने ३० अँपियर म्हणजे ४३२ वॉट. चार्जरमध्ये दहा टक्के गळती धरली तर पुढून ४८० वॉट हवेत, आणि पुढे १२.५ व्होल्टच असतील तर तिथे ३८ अँपियर वाहतात. लोक इथेच फसतात, ३० चा चार्जर म्हणून ३० चीच वायर टाकतात. पुढून मागे वायर वळणं घेत पाच मीटर, परतीची पाच, एकूण दहा मीटर. घरच्या गिझरसाठी उरलेली ६ स्क्वेअरची, म्हणजे ६ चौरस मिलिमीटरची, वायर टाकली तर एक व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच गळतो आणि ४० वॉटच्या आसपास उष्णता वायरीत मुरते. १६ स्क्वेअर टाकली तर गळती ०.४ व्होल्ट, २५ स्क्वेअरला पाव व्होल्टच्या जरा वर. ३० च्या चार्जरला १६ च्या खाली जाऊ नका. आणि बारीक तारांची, लवचीक, शुद्ध तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर बाजारात सर्रास मिळते, स्वस्त आणि वजनाला हलकी. टोक चाकूने खरवडून बघा. आतून चांदीसारखं दिसलं तर दुकानदाराला परत द्या.

फ्यूज दोन लागतात, एक पुढच्या बॅटरीजवळ, एक मागच्या. पुष्कळ जण एकच लावतात. पण या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणजे दोन्ही टोकांना आग लावायची ताकद आहे. मध्ये कुठे वायर घासून बॉडीला टेकली तर करंट दोन्हीकडून धावत येतो. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा, कारण टर्मिनल ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कोणाचंच संरक्षण नसतं. ३८ अँपियरच्या लाइनला ५० किंवा ६० चा बोल्टवाला फ्यूज. फ्यूजऐवजी घरातला एमसीबी लावणारे असतात, "ट्रिप झाला की वर करायचा, सोपं". घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे एमसीबी उघडताना उडणारी ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. ती ठिणगी तशीच जळत राहू शकते, एमसीबीच्या डबीसकट.

वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, बाकी सगळीकडे फ्लेक्झिबल पाइप, आणि सायलेन्सरपासून लांब. लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायची बोल्टची कडी, दाबायला हायड्रॉलिक क्रिंपिंगचं हत्यार वापरणारा माणूस शोधा. हातोड्याने चेपलेली लग पहिल्या दिवशी घट्टच वाटते. रस्त्याच्या खडखडाटाने आत तारा सैल होतात, सैल झालेला जोड तापतो, तापून तांबं काळं पडतं, काळं पडलं की आणखी तापतो. नीट दाबलेल्या लगमध्ये तारा इतक्या एकजीव होतात की मधून कापली तर भरीव तांबं दिसतं. काम करताना आधी पुढच्या बॅटरीची निगेटिव्ह काढायची, शेवटी जोडायचीही तीच. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ आधी काढून ठेवा. पॉझिटिव्हवर पाना असताना तो बॉडीला टेकला तर पाना लाल होतो. मध्ये अंगठी असेल तर बोट.

उरली बॅटरी. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी मागे टाकायचा मोह होतो, ती स्वस्तही आहे आणि ओळखीचीही. पण ती भरताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. जिथे माणसं दारं-खिडक्या लावून झोपतात तिथे तिला जागा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय ती हळू भरायची असते, १५० ची बॅटरी १५ अँपियरने. आणि शेवटचे २० टक्के भरायला कितीतरी तास घेते, तेवढी गाडी आपण चालवतच नाही. ॲसिडचीच घ्यायची असेल तर सीलबंद एजीएम किंवा जेल घ्या, पण चार्जर तापमानाचा सेन्सर असलेलाच घ्या. ॲसिडच्या बॅटरीचं चार्जिंग व्होल्टेज २५ अंशांसाठी ठरवलेलं असतं. त्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.०२ व्होल्ट कमी करावं लागतं. बॅटरी ४५ अंशांवर असेल तर १४.४ चे १४.० व्हायला हवेत. सेन्सर नसेल तर चार्जर १४.४ च देत राहतो आणि उन्हाळाभर बॅटरी उकळत राहते. तापमान दर आठ-दहा अंशांनी वाढलं की ॲसिडच्या बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं हा ढोबळ नियम आहे, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सावलीत ४२ असतात.

लिथियममध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट हाच प्रकार घ्या, तो बाकीच्या लिथियमपेक्षा कितीतरी शांत स्वभावाचा. त्याला तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलावं लागत नाही, पण बहुतेक कंपन्या ४५ ते ५५ अंशांच्या वर चार्ज करू नका असं सांगतात. दुपारभर सिद्धेश्वर तलावाजवळ उन्हात बंद उभी असलेली गाडी आतून सहज ५५-६० ला जाते. मग गाडी सुरू केली आणि मागे चार्जिंगच दिसत नसेल तर घाबरू नका, बीएमएसने नकार दिलेला असतो. खिडक्या उघडून पंधरा-वीस किलोमीटर जा. बॅटरी गाडीत खाली, फरशीजवळ ठेवा, खिडकीच्या उन्हाखाली नको, आणि पट्ट्याने आवळून बांधा. चार्जरही गादीखाली कोंबायचा नाही. त्याला हवा मिळाली नाही की तो स्वतःच करंट कमी करतो, मग "२० चा घेतला पण १० च देतोय" ही तक्रार सुरू होते.

सीटा काढून पलंग बसवणं, टपाला भोक पाडणं हे वेगळं प्रकरण आहे. आरसी बुकातली माहिती बदलेल असा फेरफार आरटीओला विचारल्याशिवाय करता येत नाही, आणि गाडी एमएच १३ असो की आणखी कुठली, वायरिंग बदललंय हे विमा कंपनीला आधी कळवलेलं बरं.

सगळं बसवून झालं की लगेच लांबच्या प्रवासाला निघू नका. आदल्या रात्री मागची बॅटरी मुद्दाम अर्धी रिकामी करा, मग मोहोळपर्यंत जाऊन या, चार्जर पूर्ण जोरात चालला पाहिजे. मोहोळला गाडी बाजूला घ्या आणि इंजिन चालूच ठेवून मल्टिमीटरने आधी पुढच्या बॅटरीवरचं व्होल्टेज मोजा, मग चार्जर जिथे वीज घेतो तिथलं. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे किंवा कुठला तरी जोड कच्चा. मग इंजिन बंद करा, लगेच हाताचा मागचा भाग प्रत्येक लगजवळ, प्रत्येक फ्यूजजवळ न्या. कोमट चालेल. हात मागे घ्यावासा वाटला तर ती लग कापून टाका आणि नवी मारून घ्या.